पदकाची मागची बाजू

आत्याने राहतं घर रिकामं करायला काढलं तेव्हा चार दिवस मी तिच्या मदतीला होते. चौथ्या दिवशी कपाटाच्या अगदी वरच्या खणातून एक पत्र्याचा डबा निघाला. आत चष्म्याची दोन रिकामी घरं, कुठल्या कुलपांच्या कुणास ठाऊक अशा किल्ल्या, एक कोपरा फाटलेला फोटो, आणि तळाशी मलमलीच्या चिंधीत गुंडाळलेलं एक रौप्यपदक. तळहाताच्या खळग्यात बसेल एवढं. फीत मूळची निळी असावी, आता तिचा रंग पाणी घातलेल्या शाईसारखा झाला होता आणि घडी जिथे पडायची तिथे ती विरली होती. वरची कडी फितीने घासून घासून एका बाजूला पातळ झाली होती. समोर एक धावणारी आकृती होती. तिचं नाक आणि पुढचा गुडघा झिजून सपाट झाले होते आणि त्या दोन ठिकाणी चांदीच्या मुलाम्याखालून पितळ डोकावत होतं.

मी ते उलटं केलं. मागे ‘८०० मीटर धावणे, द्वितीय’, आणि त्याखाली आत्याचं नाव. नावातला पहिला उकार सुटलेला.

“अगं आत्या, हे नाव चुकलंय की!”

“तेव्हाच चुकलं होतं,” ती वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळता गुंडाळता म्हणाली. “परत द्या, दुरुस्त करून पाठवतो म्हणाले होते. मी नाही दिलं. एकदा हातातून गेलेलं परत कशाला येतंय?”

“मग तुला वाईट नाही वाटलं?”

“त्यात काय वाटायचंय! धावले तर मीच होते ना.” आणि जरा थांबून, “तूच घेऊन जा ते.”

ते पदक आता माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. सहा महिने झाले. लिहिता लिहिता अडलं की माझा हात त्याच्याकडे जातो, आणि दर वेळी मी ते उलटंच करते. समोरची धावणारी आकृती कुणाचीही असू शकते. त्या स्पर्धेतल्या सगळ्या पदकांवर तीच असणार. आत्या आहे ती मागच्या बाजूला.

पदक हा आपला जुना शब्द. हाराच्या मधोमध, छातीवर रुळणारा दागिना म्हणजे पदक. पुढे स्पर्धा आल्या, संचलनं आली, पदवीदान समारंभ आले आणि तोच शब्द सन्मानाला मिळाला. जागा तीच राहिली, छातीवरची. पण दागिन्याची आणि या पदकाची रीत अगदी उलटी आहे. दागिना आपला आपण घडवून घेतो, हौसेने मिरवतो, अडीनडीला मोडतो. पदक मात्र स्वतःसाठी स्वतःच घडवून घेतलं तर तो नुसता धातूचा तुकडा. ते दुसऱ्याच्याच हातून यावं लागतं. ‘तू हे केलंस आणि आम्ही ते पाहिलं’ एवढं कुणीतरी धातूवर लिहून द्यावं लागतं. माझ्या मते पदकाचा सगळा जीव त्या शेवटच्या तीन शब्दांत आहे.

टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हे मला फार जवळून दिसलं. ते २०२० चं ऑलिंपिक साथीमुळे २०२१ मध्ये झालं, आणि संसर्ग नको म्हणून पदक गळ्यात घालायला कुणी पाहुणा पुढे येत नव्हता. खेळाडूसमोर तबक धरलं जायचं, त्याने पदक उचलायचं आणि आपल्याच गळ्यात घालायचं. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा, आपली आपण वेणी घालून घेतल्यासारखा. पण जिथे चारचौघे एकत्र जिंकले होते तिथे कुणीही न सांगता एक वेगळंच घडायला लागलं. खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पदकं घालू लागले. ते दृश्य पाहताना मला भरून आलं होतं. आता कळतं का ते. तसं पाहिलं तर गळ्यात पदक घालण्याची ऑलिंपिकमधली प्रथाही फार जुनी नाही. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये १९६० साली रोमला ते पहिल्यांदा साखळीत ओवून गळ्यात घातलं गेलं. त्याआधी ते हातात ठेवलं जायचं. पण हातात ठेवणारा दुसरा कुणीतरी असायचा, हे महत्त्वाचं.

प्राचीन ऑलिंपियात पदकं नव्हतीच. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर रानटी ऑलिव्हच्या फांदीचं वेटोळं ठेवत. दुसरा, तिसरा हा प्रकारच नव्हता. जिंकला तो जिंकला, बाकीचे आले तसे गेले. मला त्या पानांबद्दल नेहमी वाटतं, आठवड्याभरात ती सुकत असतील. मग त्या माणसाने काय जिंकलं हे सांगायला उरत असेल ते पाहिलेल्या माणसांचं बोलणं, एखाद्या कवीचं गीत, फार तर दगडात कोरलेली एखादी ओळ. न सुकणारं काहीतरी हवं ही माणसाची हाव तेव्हाही असणारच.

ज्याला आज आपण पदक म्हणतो ती वस्तू मात्र स्पर्धेतून जन्मली नाही. १४३८ साली बायझन्टिन सम्राट आठवा जॉन पॅलेओलोगस चर्चच्या मोठ्या परिषदेसाठी इटलीत आला. पिसानेल्लो नावाच्या चित्रकाराने त्याला पाहिलं आणि त्याची एक मोठी, दुतर्फी पदक-प्रतिमा ओतली. एका बाजूला उंच टोकदार टोपी घातलेला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला तोच. युरोपातल्या पदककलेची सुरुवात इथून मानतात. सम्राटाने कुठली शर्यत जिंकली नव्हती की लढाई मारली नव्हती. उलट त्याचं साम्राज्य शेवटच्या घटका मोजत होतं, पुढच्या पंधरा वर्षांत ते संपलंच. पण हा माणूस होता, असा दिसत होता, आणि मी त्याला पाहिलं, एवढं पिसानेल्लोने ब्राँझमध्ये लिहून ठेवलं. शिवाय खाली स्वतःचं नावही घातलं. साक्षीदाराची सहीच म्हणायची ती. त्या काळची ही पदकं अंगावर घालायची नसत. ती हातात घ्यायची, दिव्याकडे तिरपी धरून पाहायची आणि मग उलटी करायची. चित्राला मागची बाजू नसते, पुतळ्याभोवती फिरावं लागतं. पदक तेवढं तळहातावर उलटवता येतं.

आधुनिक ऑलिंपिक १८९६ मध्ये अथेन्सला सुरू झालं तेव्हा पहिल्याला चांदीचं पदक आणि ऑलिव्हची फांदी दिली, दुसऱ्याला हलक्या धातूचं. तिसऱ्याला काहीच नाही. सोनं, चांदी आणि कांस्य ही उतरंड १९०४ च्या सेंट लुईसपासून आली. आता ती इतकी अंगवळणी पडली आहे की निसर्गाचाच नियम वाटावा. अस्सल सोन्याची पदकं १९१२ च्या स्टॉकहोमला शेवटची दिली गेली. त्यानंतरचं ‘सुवर्णपदक’ हे चांदीचं असतं, वर किमान ६ ग्रॅम सोन्याचा मुलामा. टोकियोची सगळी पदकं तर लोकांनी टाकून दिलेल्या मोबाइल आणि इतर उपकरणांतून काढलेल्या धातूची होती. त्यासाठी ७८,९८५ टन भंगार गोळा झालं, त्यातून सुमारे ३२ किलो सोनं निघालं. हे वाचलं तेव्हा कुणाला तरी त्या पदकाची किंमत कमी झाल्यासारखी वाटली असेल. मला ती वाढल्यासारखी वाटली. कुणाच्या तरी खणात मरून पडलेल्या फोनमधला सोन्याचा कण कुणाच्या तरी चार वर्षांच्या पहाटांवर चढला.

हल्ली धावायच्या शर्यतींत शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळतं, आणि त्यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. सगळ्यांनाच दिलं तर त्याला अर्थ काय, असं ते विचारतात. मला नाही पटत ते. ज्याने ४२.१९५ किलोमीटर अंतर पायांनी तोडलं त्याने ते तोडलं, पहिल्याने तोडलं म्हणून हजाराव्याचं खोटं होत नाही. पदकावर ‘पूर्ण केली’ असं लिहिलं असेल आणि त्याने ती पूर्ण केली असेल, तर ते पदक खरं. खोटं होतं ते तेव्हा, जेव्हा कुणी काहीच न पाहता देतं. पाहुण्यांची वेळ झाली म्हणून, यादीत नाव होतं म्हणून, द्यायला काहीतरी हवं म्हणून. अशी पदकं माझ्याही घरात आहेत. एका संस्थेने एकदा मला सन्मानचिन्ह दिलं आणि देणाऱ्याने कानाशी वाकून विचारलं, “आपण नक्की काय करता?” मी सांगितलं. पण घरी आणल्यावर त्या चिन्हाकडे बघवेना. माझं काम त्या माणसाने पाहिलंच नव्हतं. ते मी कधीचं देऊन टाकलं.

पदकावर कोरलेल्या शब्दांचाही असाच विचार व्हावा लागतो. ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान, व्हिक्टोरिया क्रॉस, १८५६ मध्ये सुरू झाला. त्यावर आधी ‘शूरांसाठी’ असे शब्द योजले होते. राणी व्हिक्टोरियाने ते बदलायला लावून ‘शौर्यासाठी’ असं करून घेतलं. ‘शूरांसाठी’ म्हटलं की ज्यांना पदक मिळालं तेवढेच शूर, बाकीचे नव्हेत, असा अर्थ निघतो, ही तिची हरकत होती. मला हा बदल फार मोठा वाटतो. एका शब्दाने ते पदक माणसावरून त्या कृत्यावर गेलं. त्या दिवशी, त्या खंदकात जे घडलं त्याची ती नोंद. माणूस आधी कसा होता, नंतर कसा झाला, याची पावती त्यात नाही. पुढे गुन्ह्यांपायी काही जणांची ही पदकं काढून घेण्यात आली. तेव्हा पाचव्या जॉर्जने आपलं मत कळवलं होतं की, एखाद्याला खुनासाठी फाशी झाली तरी फाशीच्या तख्तावरही त्याला ते पदक लावण्याची मुभा असावी. केलेलं शौर्य नंतरच्या पापाने पुसलं जात नाही. ही गोष्ट पचायला जड आहे, पण मी त्याच बाजूची.

परमवीर चक्राची कथा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ते पदक रेखाटलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने युरोपीय, नाव इव्ह. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या सावित्री झाल्या आणि संस्कृत, पुराणं, कला यांत अशा रमल्या की जन्माने इथले असणाऱ्यांनी मान खाली घालावी. सर्वोच्च शौर्यासाठी काय चित्र काढावं, तर त्यांना दधीची आठवला. वृत्राला मारायला शस्त्र हवं म्हणून ज्याने जिवंतपणी आपली हाडं देऊन टाकली तो ऋषी, आणि त्या हाडांचं इंद्राने केलेलं वज्र. परमवीर चक्रावर मधोमध राजमुद्रा आहे आणि तिच्याभोवती चार वज्रं. साधं कांस्य, साधी जांभळी फीत. पहिलं परमवीर चक्र मिळालं मेजर सोमनाथ शर्मांना, नोव्हेंबर १९४७ मधल्या बडगामच्या लढाईसाठी, मरणोत्तर. ते सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर. आपण काढलेलं चित्र पहिल्यांदा ओतलं गेलं ते आपल्याच व्याह्यांच्या घरातल्या गेलेल्या मुलासाठी.

आजवरच्या २१ परमवीर चक्रांपैकी १४ मरणोत्तर आहेत. मरणोत्तर पदकाचा विचार करताना माझी मती गुंग होते. छाती नाही, आणि पदक तर छातीवर लावायचं. मग ते आईच्या हातात दिलं जातं, बायकोच्या, वडिलांच्या. जी व्यक्ती तिथे नव्हती, जिने ते पाहिलं नाही, तिला सांगितलं जातं की तुमच्या माणसाने हे केलं आणि ते पाहिलं गेलं, तो एकटा नव्हता. यापलीकडे त्या घराला कोण काय देऊ शकतं? आणि तरी, पदक कपाटात ठेवून झोपायला जाताना त्या आईच्या मनात काय येत असेल, ते आपण बाहेरच्यांनी बोलू नये.

याच्या अगदी उलट टोकाची एक गोष्ट. युद्धात जखमी झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांना पर्पल हार्ट देतात. दुसऱ्या महायुद्धात, जपानवर चढाई करावी लागेल आणि माणसं भरमसाट घायाळ होतील हा हिशेब धरून ही पदकं जवळपास ५ लाख घडवून ठेवली होती. ती चढाई झालीच नाही. युद्ध संपलं आणि पदकं उरली. पुढच्या कोरियातल्या, व्हिएतनाममधल्या आणि त्याही पुढच्या लढायांत तो साठा वापरला गेला. म्हणजे पदक तयार होतं, खोक्यात बंद होतं, आणि ज्याच्या जखमेसाठी ते होतं तो मुलगा अजून जन्माला यायचा होता. व्हिएतनामहून परतलेल्या शेकडो सैनिकांनी १९७१ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला संसदेच्या पायऱ्यांवर आपली पदकं फेकून दिली. ज्याला पदकाची किंमत नाही तो ते फेकायला इतक्या लांब जात नाही. पाहिलंत म्हणता ना, मग सगळंच पाहा, असंच त्यांना म्हणायचं असणार.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रँक, दोघेही नोबेलचे मानकरी. नाझी काळात दोघांनीही आपापली सोन्याची नोबेल पदकं कोपनहेगनला नील्स बोरच्या संस्थेत सुरक्षित राहावीत म्हणून पाठवली होती. जर्मनीतून सोनं बाहेर नेणं हा तेव्हा भयंकर गुन्हा, आणि पदकावर तर नावच कोरलेलं. ९ एप्रिल १९४० ला जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये शिरलं. संस्थेत जॉर्ज द हेवेशी नावाचा हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ काम करत होता. त्याने पदकं पुरून ठेवावीत असं सुचवलं, पण बोरला ते पसंत पडलं नाही, उकरून निघतील म्हणून. मग हेवेशीने ठरवलं, विरघळवायची. सोनं सहजासहजी कशाला दाद देत नाही. त्याला आम्लराज लागतो, हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांचं मिश्रण, आणि त्यालाही वेळ लागतो. बाहेर रस्त्यावरून सैन्य चाललंय आणि आत हा माणूस दोन जड पदकं विरघळण्याची वाट बघत उभा आहे. लाउएचं नाव गेलं, फ्रँकचं नाव गेलं, नोबेलचा चेहरा गेला. उरलं ते नारिंगी पाणी. ते बाटलीत भरून फळीवर इतर बाटल्यांच्या रांगेत ठेवून दिलं. सैनिकांनी संस्था धुंडाळली, बाटलीला कुणी हात लावला नाही. १९४३ मध्ये हेवेशीलाच स्वीडनला निघून जावं लागलं. युद्ध संपल्यावर बाटली होती तिथेच होती. त्यातून सोनं परत काढलं, स्टॉकहोमला पाठवलं, आणि नोबेल प्रतिष्ठानने त्याच सोन्याची पदकं पुन्हा पाडून दिली. फ्रँकला त्याचं पदक १९५२ मध्ये पुन्हा मिळालं.

कितीदा तरी मी ही गोष्ट मनात घोळवली आहे. ज्या नावासाठी पदक असतं तेच नाव जिवावर उठलं. आणि नाव पुसूनही पदक मेलं नाही, कारण ही बाटली कुणाची हे जाणणारी माणसं होती. हेवेशी नसता, बोर नसता, तर ते नुसतं रंगीत पाणी होतं, कुणीतरी मोरीत ओतलं असतं. स्वतः बोरचं नोबेल पदक त्याआधी महिनाभरच, मार्च १९४० मध्ये, फिनलंडच्या युद्धग्रस्तांच्या मदतीसाठी लिलावात विकलं गेलं होतं. घेणाऱ्याने नाव सांगितलं नाही, आणि पदक डेन्मार्कच्या संग्रहालयाला देऊन टाकलं.

पदक हातातून जातं तेव्हाच ते नीट ओळखू येतं, असं मला यावरून वाटायला लागलं. गणितातलं पहिलं फील्ड्स पदक १९३६ मध्ये दोघांना मिळालं, त्यांतला एक फिनलंडचा लार्स आल्फोर्स. १९४४ मध्ये युद्धातून बाहेर पडताना बरोबर पैसे नेता येत नव्हते, म्हणून त्याने ते पदक लपवून नेलं, स्वीडनमध्ये गहाण टाकलं आणि पुढच्या प्रवासाचं भाडं उभं केलं. मित्रांच्या मदतीने ते नंतर सोडवलं. पोलंडच्या मारिया आंद्रेचिकने टोकियोत भालाफेकीत रौप्य मिळवलं आणि घरी परतल्याबरोबर एका अनोळखी बाळाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी लिलावाला काढलं. ज्या कंपनीने बोली जिंकली तिने पैसे दिले आणि पदक तिलाच ठेवायला सांगितलं. रशियन पत्रकार दिमित्री मुरातोवने २०२२ मध्ये आपलं शांततेचं नोबेल पदक युक्रेनच्या विस्थापित मुलांसाठी लिलावात दिलं, त्याला १० कोटी ३५ लाख डॉलर आले. त्यातल्या सोन्याला एवढी किंमत कोण देईल?

पदक तोडूनही मोठं होतं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बांबूउडीत शुहेइ निशिदा आणि सुएओ ओए हे दोन जपानी खेळाडू, दोघे मित्र, ४.२५ मीटरवर बरोबरीत राहिले. दुसरा कोण आणि तिसरा कोण हे ठरवायला आणखी उडी मारायची त्यांनी नाकारली. शेवटी रौप्य निशिदाला आणि कांस्य ओएला मिळालं. मायदेशी परतल्यावर त्यांनी दोन्ही पदकं मधोमध कापून घेतली आणि अर्धी चांदी, अर्धं कांस्य अशी जोडून घेतली. ओए पुढे महायुद्धात मारला गेला. ते सांधलेलं पदक फोटोत पाहिलं तरी माझी नजर त्या सांध्यावर खिळते.

आत्याचं पदकही दुसऱ्या क्रमांकाचं. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या चित्रफिती लोकांना दाखवल्या आणि खेळाडूंच्या चेहऱ्यावरचा आनंद मोजायला सांगितला. कांस्य मिळवणारे रौप्य मिळवणाऱ्यांपेक्षा आनंदी दिसले. तिसरा म्हणतो, मिळालं तरी. दुसरा म्हणतो, थोडक्यात गेलं. हे वाचून मी आत्याचा विचार केला होता, आणि त्या ‘त्यात काय वाटायचंय’चा.

पण दुसऱ्या क्रमांकाची आणखीही एक बाजू आहे, आणि ती मला ह्यूगो वीसलांडरने दाखवली. १९१२ च्या स्टॉकहोमला, त्या अस्सल सोन्याच्या शेवटच्या ऑलिंपिकमध्ये, जिम थॉर्प हा मूळनिवासी अमेरिकन खेळाडू पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकला. पूर्वी कधीतरी चार पैशांसाठी बेसबॉल खेळला होता, तेवढ्यावरून पुढच्या वर्षी त्याची पदकं काढून घेतली गेली. डेकॅथलॉनचं सोनं दुसऱ्या आलेल्या वीसलांडरच्या नावावर झालं. थॉर्प १९५३ मध्ये गेला. १९८३ मध्ये त्याच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती मिळाल्या, पण नोंदीत तो सहविजेताच राहिला. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागलं २०२२ मध्ये, ११० वर्षांनी. त्या वेळी वीसलांडरच्या घरच्यांनी सांगितलं की त्याने ते सोनं कधी आपलं मानलंच नव्हतं, जिंकला तो थॉर्पच, असंच तो म्हणत आला. कोण किती पुढे होतं हे मागून धावणाऱ्याइतकं कुणाला दिसणार!

मागच्या आठवड्यात दिवे गेले होते. मी मेणबत्ती लावून बसले होते आणि सवयीने पदक हातात घेतलं. उजेड बाजूने, अगदी खालून पडत होता. नावाच्या पहिल्या अक्षराखाली काहीतरी चमकल्यासारखं झालं. आधी वाटलं ओरखडा असेल, इतक्या वर्षांत पडलेला. भिंग आणलं. तो ओरखडा नव्हता. अक्षराच्या पायाशी एक बारीकशी वाटोळी रेघ होती, दोन-तीनदा गिरवलेली, एके ठिकाणी हात निसटून जरा लांब गेलेली. उकार होता तो. यंत्राने पाडलेल्या खोल अक्षरांखाली, केसाएवढा.

मी त्याच रात्री फोन केला.

“आत्या, पदकावरचा तो उकार तू काढलास का गं?”

बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही.

“टाचणीने,” ती म्हणाली. “त्याच रात्री. वसतिगृहातल्या सगळ्या झोपल्यावर. जोरात दाबायची भीती वाटत होती, मुलामा निघेल म्हणून.”

मग ती त्या शर्यतीबद्दल बोलायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. शेवटच्या वळणावर ती पहिल्या मुलीच्या अगदी खांद्याला खांदा लावून होती. त्या मुलीने एकदाच मान वळवून बघितलं आणि मग जी काही सुटली! “काय धावायची गं ती,” आत्या म्हणाली. “मला मागून तिचे पाय दिसत होते ना. जमिनीला लागतायत असं वाटायचं नाही. पुढच्या वर्षी मी तिला खूप शोधलं. आलीच नाही. लग्न झालं म्हणाली कुणीतरी.” थोडं थांबून तिने विचारलं, “तिचं पदक कुठे असेल गं आता?”

मी त्या मुलीचं नाव विचारलं. आत्याने ते आडनावासकट सांगितलं, क्षणभरही न अडखळता. मी ते कागदावर लिहून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं, एकेक अक्षर, ऱ्हस्व-दीर्घ सगळं विचारून.